अकरावीसाठी एकच पसंतीयादी आणि एकच वाटप हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की गोव्यातल्या पालकांची विद्यालयांच्या खिडक्यांवर धावपळ सुरू होते. अर्ज विद्यालयागणिक वेगळा, गुणवत्ता यादी वेगळी, फी भरण्याची मुदतही वेगळी. चांगले गुण असलेली मुले मग दोन-तीन ठिकाणी नाव घालून ठेवतात. त्यांच्यामागची मुले प्रतीक्षा यादीत ताटकळतात. अडवलेल्या जागा सुटतात त्या वर्ग सुरू झाल्यावर, आणि तोवर एखाद्या मुलीने विज्ञान हवे असताना दुसरीच शाखा घेतलेली असते. सर्व विद्यालयांसाठी एक अर्ज, एक पसंतीयादी आणि एकच वाटप ठेवले तर हे टळते. मात्र वाटप कोणत्या नियमाने होणार, यावर सारे अवलंबून आहे.

समजा पणजी, म्हापसा आणि पेडणे येथे विज्ञानाची एकेकच जागा शिल्लक आहे. ख याला ९१ टक्के. त्याचा पसंतीक्रम पणजी, पेडणे, म्हापसा. क हिला ८८. तिचा क्रम पणजी, म्हापसा, पेडणे. ग याला ७२. त्याचा क्रम म्हापसा, पणजी, पेडणे. "पहिली पसंती देणाऱ्यांना आधी" असा नियम लावला तर पणजी ख याला, म्हापसा ग याला आणि क थेट पेडण्याला. ८८ टक्क्यांच्या मुलीने म्हापसा दुसरे लिहिले, एवढ्यावरून ते ७२ टक्क्यांच्या मुलाला गेले. पुढच्या वर्षी पालक खरी आवड लिहिणार नाहीत, अंदाज बांधून लिहितील.

संगणकाला "सर्वांच्या पसंतीक्रमांची बेरीज कमीत कमी करा" असे सांगितले तर आणखी वेगळे उत्तर येते: पणजी क हिला, म्हापसा ग याला, पेडणे ख याला. बेरीज १ + १ + २ = ४, याहून कमी शक्यच नाही. पण ९१ टक्क्यांचा मुलगा पणजी मागत असताना ती ८८ टक्क्यांना मिळाली. पेडणे दुसरे लिहिले, म्हणजे त्याला ते चालेल, असा हिशेब यंत्राने केला. गणित अचूक आणि निकाल अन्यायाचा. शिक्षण खात्याने निविदा काढताना नुसते "कमाल समाधान" एवढेच लिहिले तर नेमके हेच हाती पडेल.

योग्य रीत डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडली. २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल शेपली आणि अल्विन रॉथ यांना मिळाले ते याच विषयासाठी. प्रत्येक मूल पहिल्या पसंतीकडे अर्ज करते. विद्यालय आपल्या जागांइतकी वरची मुले फक्त तात्पुरती धरून ठेवते, बाकीच्यांना नाकारते. नाकारलेले पुढच्या पसंतीकडे जातात आणि तिथे आधी धरलेल्यांपेक्षा त्यांचा क्रम वर असेल तर त्यांना हटवतात. कुणी नाकारला जाईनासा झाला की सगळे प्रवेश एकदम पक्के. वरच्या उदाहरणात पणजी ख याला, म्हापसा क हिला, पेडणे ग याला. इथे बेरीज ६ होते, पण मला हवी ती जागा माझ्याहून खालच्या क्रमाच्या मुलाला गेली, अशी रास्त तक्रार कुणाचीच उरत नाही, आणि खोटा क्रम लिहून कुणाचा फायदा होत नाही. न्यूयॉर्कने २००३ मध्ये शाळाप्रवेशासाठी ही रीत घेतली. यादीतली एकही शाळा न मिळालेली मुले सुमारे ३० हजारांवरून सुमारे ३ हजारांवर आली. फर्मागुडीची आयआयटी आणि कुंकळ्ळीची एनआयटी यांच्या जागा 'जोसा' या संयुक्त जागावाटप प्राधिकरणामार्फत याच तत्त्वावर भरतात.

सर्व विद्यालये निव्वळ गुणांवरच प्रवेश देत असतील तर हे काम गुणानुक्रमे एकेकाला बोलावण्याइतके सोपे आहे. अडचण येते ती आपल्याच माध्यमिक विभागातल्या मुलांना प्राधान्य, खेळाडूंचा कोटा आणि आरक्षण यांमुळे, कारण मग प्रत्येक विद्यालयाचा क्रम वेगळा होतो. राखीव प्रवर्गातल्या मुलाचा विचार आधी खुल्या जागेसाठी व्हावा. राखीव जागा उरल्या आणि नियमाने खुल्या करायच्या असल्या, तर त्या मागाहून हाताने वाटू नयेत. नव्या आकड्यांनी संपूर्ण वाटप पुन्हा चालवावे. समान गुणांसाठीचा नियम अर्ज सुटण्यापूर्वी जाहीर हवा आणि चिठ्ठीच काढायची तर प्रत्येक मुलाचा एकच क्रमांक सर्व विद्यालयांना लागू हवा.

पसंती म्हणजे विद्यालय आणि शाखा यांची जोडी. म्हापशाचे वाणिज्य आधी की पेडण्याचे विज्ञान, हे मुलाला सांगता आले पाहिजे. यादीला मर्यादा घालू नये. महाराष्ट्रात अकरावीला दहाच पसंत्या देता येतात आणि पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते. अशाने पालक पुन्हा अंदाजच बांधू लागतात. 'जोसा'तली 'फ्लोट'ची सोय मात्र जरूर घ्यावी: मिळालेली जागा हातची न सोडता वरच्या पसंतीसाठी नाव पुढच्या फेरीत राहते. फेरतपासणीत गुण वाढलेल्यांनाही त्यातूनच सामावून घेता येईल.

घरापासूनच्या अंतराला गुण देण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. नकाशावर चोडण आणि रायबंदर समोरासमोर आहेत, मधली मांडवी फेरीबोटीने ओलांडावी लागते. सरळ रेषेचे अंतर इथे फसवे ठरते. अर्जात प्रत्येक पर्यायासमोर सकाळची पहिली बस किंवा फेरीबोट किती वाजता आणि शेवटची परतीची किती वाजता, एवढे छापावे. काय झेपेल ते घरचे ठरवतील.

एक गोष्ट या पद्धतीने साधणार नाही. पसंतीक्रम आणि जागा त्याच असतील तर कुणाचीही रास्त तक्रार न उरणारे वाटप कसेही काढा, रिकाम्या जागा त्याच विद्यालयांत राहतात. हे गणिताने सिद्ध झालेले आहे. सत्तरी, सांगे, काणकोणातल्या एखाद्या विद्यालयात वर्ग भरत नसेल तर तिथे शिक्षक, प्रयोगशाळा आणि वेळेवरची कदंब बस द्यावी लागेल. हजारो खऱ्या पसंतीयाद्या हाती आल्या की कोणत्या तालुक्यात कोणती तुकडी वाढवायची, हे खात्याला त्यांतूनच कळेल. बेरीज कमीत कमी करणारे गणित वापरायची खरी जागा ती.

पहिल्या वर्षी सक्ती नको. गेल्या वर्षीचे अर्ज, नावे गाळून, दोन तालुक्यांसाठी या रीतीने चालवून पाहावेत आणि नियमांसह निकाल जाहीर करावा. काही हजार अर्जांचे वाटप साध्या संगणकावर काही सेकंदांत होते. वेळ लागेल तो नियम ठरवायला, म्हणून ते काम डिसेंबरपूर्वी सुरू व्हायला हवे.

आपले,
गणिताचे काही अध्यापक,
फोंडा