वॉर्डातला स्पीकर काढा, रुग्णाला हेडफोन द्या

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘संगीताने वेदना पळाल्या’ अशा मथळ्यांच्या बातम्या आणि अमुक राग अमुक आजारावर असे तक्ते आरोग्य पुरवण्यांत अधूनमधून छापून येतात. ते वाचून एखादे रुग्णालय उत्साहाने वॉर्डाच्या छताला स्पीकर बसवते, सकाळी सहाला बासरी सुरू करते आणि संगीतोपचार चालू झाला असे समजते. वेदनाशमनाचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र संगीताच्या बाजूनेच लिहीत आहोत. आमचे भांडण स्पीकरशी आणि त्या तक्त्यांशी आहे.

संगीताने दुखणे कमी होते याला भक्कम आधार आहे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. संगीत ऐकलेल्या रुग्णांचे दुखणे कमी, घालमेल कमी आणि वेदनाशामक औषधाची गरजही कमी असे त्यात दिसले. घरी मात्र ते लवकर गेले नाहीत. रुग्णालयातला मुक्काम तेवढाच राहिला. शिवाय कानावर संगीत पडते आहे की नाही हे रुग्णाला कळतेच, त्यामुळे खोटी गोळी देऊन ताडून पाहावे तशी ही चाचणी करता येत नाही. एवढे सांभाळून परिणाम मान्य करावा लागतो. तो मधल्या ताकदीचा आहे. औषधाच्या जोडीने उपयोगी, औषधाच्या जागी नाही.

याच आढाव्यात आणखी एक गोष्ट आहे, ती तक्तेवाल्यांनी वाचावी. संगीत कोणते निवडले आणि शस्त्रक्रियेआधी, दरम्यान की नंतर ऐकवले, याने निकालात फारसा फरक पडला नाही. मग दरबारी ताणावर आणि दुसरा कुठला राग रक्तदाबावर, ही वाटणी कशाच्या जोरावर करायची? आणि निवडीने फरक पडत नसेल तर रुग्णाला विचारायचे तरी कशाला, असे कोणी म्हणेल. विचारायचे, कारण नावडते गाणे वीस मिनिटे कानाला बांधणे हा छळ आहे. दुसरे म्हणजे, सलाईन, नळ्या, वेळेवरच्या गोळ्या यांत रुग्णाच्या हातात काहीच उरलेले नसते. गाणे कधी लावायचे आणि कधी थांबवायचे एवढे तरी त्याच्या हाती राहावे. अमेरिकेत मिनियापोलिस भागातल्या आयसीयूंमध्ये व्हेंटिलेटरवरच्या ३७३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाला हवे तेव्हा हेडफोन लावण्याची मुभा होती. नेहमीची सेवा मिळालेल्या रुग्णांपेक्षा त्यांची घालमेल १०० च्या मापावर सुमारे १९ अंकांनी कमी भरली आणि गुंगीचे औषधही कमी लागले.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. आधी तीन प्रश्न: काय आवडते, काय अजिबात नको, ऐकू नीट येते का. दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. अंत्ययात्रेत किंवा दहाव्याला म्हटली जाणारी भजने खाटेवर पडलेल्या माणसाच्या कानी पडली तर तो घाबरतो. राष्ट्रीय दुखवट्यात आकाशवाणीवर दिवसभर सारंगी ऐकलेल्या पिढीला सारंगी शांत करीलच असे नाही. भाषेचेही तसेच. खानदेशातून आलेल्या आजींना अहिराणी गाणी हवी असतात, सिंधुदुर्गातल्या काकांना दशावतारातली पदे, बांधकामावरून पडलेल्या मजुराला भोजपुरी. रुग्णालयाने संग्रह करायचा तर भाषेनुसार करावा, रागानुसार नव्हे.

लय साधारण मिनिटाला ६० ते ८० ठोके, शब्द कमी किंवा ओळखीचे, आवाजात अचानक चढउतार नको. इथे आपल्या शास्त्रीय संगीताची एक अडचण आहे. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आलाप आणि विलंबित ख्यालाने रुग्णाचा डोळा लागतो न लागतो तोच द्रुत सुरू होते, ताना येतात, शेवटी तराणा आणि टाळ्यांचा कडकडाट. अभंगाचेही तेच: शेवटचा गजर आणि टाळ-झांजांचा खणखणाट. गाणे उत्तम, पण झोपेकडे निघालेल्या माणसासाठी त्याचा आकार उलटा. म्हणून ध्वनिमुद्रण कापून फक्त विलंबित भाग ठेवावा किंवा मंद लयीच्या तीन-चार रचना ओळीने लावाव्यात. उलट, भीतीने नाडी ११० वर पळते आहे अशा रुग्णाला एकदम संथ आलाप दिला तर तो वैतागून हेडफोन काढतो. त्याच्या लयीच्या जवळचे गाणे आधी, मग दर गाण्याला थोडी उतरती लय.

वेळ २० ते ३० मिनिटे. आवाज ५० ते ६० डेसिबल. हेडफोन लावलेल्या रुग्णाला खाटेशेजारून साध्या आवाजात हाक मारली तर त्याने उत्तर द्यायला हवे. याउलट छताचा स्पीकर. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. बाहेरच्या मिरवणुकीवर तक्रार करायची आणि आत आपणच तीस जणांना एकाच्या आवडीचे ऐकवायचे, हे विसंगत आहे. शिवाय मॉनिटरचा अलार्म त्याखाली दबतो.

हेडफोन कानावर बसणारे घ्यावेत, कानात घालायचे नकोत. ते नीट पुसले जात नाहीत. स्पंजाची गादी घाम आणि रक्त शोषते, म्हणून गुळगुळीत गादीचे घेऊन प्रत्येक रुग्णानंतर अल्कोहोलच्या फडक्याने पुसावेत आणि वर वापरून टाकायचे आवरण घालावे. कुशीवर झोपलेल्या, हलता न येणाऱ्या रुग्णाच्या कानाच्या पाळीला हेडफोनने जखम होते. दर अर्ध्या तासाने पाहावे. श्रवणयंत्रावर हेडफोन चढवला की यंत्र शिट्टी मारते. तिथे उशीजवळ छोटा स्पीकर अगदी बारीक ठेवावा. साधा हेडफोन एमआरआयच्या खोलीत न्यायचा नाही. डोक्याला मार लागलेल्यांना, अर्धशिशीच्या झटक्यात असलेल्यांना आणि विशिष्ट संगीताने फिट येते असा इतिहास असलेल्या मोजक्या रुग्णांना संगीत देऊ नये.

सगळ्यात जास्त चुका भाजलेल्या रुग्णाच्या ड्रेसिंगच्या वेळी होतात. पट्टी ओढायला घेतली आणि रुग्ण ओरडला की कोणीतरी मोबाइलवर गाणे लावतो. तोवर उशीर झालेला असतो. तोंडाने दिलेल्या मॉर्फिनला परिणाम दाखवायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढे आधी ते द्यावे, ड्रेसिंगच्या पंधरा-वीस मिनिटे आधी हेडफोन लावावा आणि शेवटची पट्टी बांधून झाल्यावरही दहा मिनिटे चालू ठेवावा. आणखी एक खबरदारी: रुग्णाचे सर्वांत लाडके गाणे या कामाला वापरू नये. रोजच्या ड्रेसिंगला किंवा प्रत्येक केमोला तेच वाजले की मन त्या गाण्याला वेदना आणि मळमळ जोडून टाकते, आणि घरी गेल्यावरही ते गाणे त्याचे राहत नाही. बऱ्यापैकी आवडणारे घ्यावे, लाडके बाजूला ठेवावे. कमरेत भूल देऊन सिझेरियन होत असेल तर बाळ बाहेर येण्याआधी आईच्या कानावरून हेडफोन काढावा. पहिले रडणे तिला ऐकू येऊ द्या.

लहान मुलांना यंत्रापेक्षा आईबापांचा आवाज बरा, बेसूर असला तरी. नवजात अतिदक्षता कक्षासाठी अमेरिकी बालरोग संघटनेने ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. बाळाच्या काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) मोबाइल ठेवणे म्हणजे डब्यात घंटा वाजवणे. तिथे आईने पेटीजवळ बसून हलकेच गुणगुणलेली अंगाई पुरते.

यातले काहीही केले तरी ते केसपेपरवर यायला हवे, आणि आमचा मुख्य आग्रह हाच आहे. संगीताआधी ० ते १० मध्ये दुखणे किती, काय ऐकवले, किती मिनिटे, अर्ध्या तासाने दुखणे किती. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे यांवरून अंक देणारी ‘फ्लॅक’ पट्टी आहे. निदान दोन अंकांनी उतरले नाही तर वाट पाहत न बसता औषध द्यावे. नोंद नसली की संगीत हे औषध टाळण्याचे निमित्त होते: ‘गाणे लावलंय ना, थांबा थोडं.’ आणि उतरत असलेले दुखणे एकाएकी वाढले तर दुसरे गाणे शोधू नये. प्लास्टर आवळले आहे का, बोटे गार पडली आहेत का, आत रक्तस्राव होतो आहे का, हे आधी पाहावे.

हेडफोनने गाणे ऐकवणे हे प्रशिक्षित परिचारिकेचे काम आहे. रुग्णासोबत गाणे-वाजवणे आणि त्याच्या श्वासाप्रमाणे लय बदलणे हे संगीतोपचारतज्ज्ञाचे; दोन्हीला एकच नाव देऊन पैसे घेतले जातात, तिथे नातेवाइकांनी प्रशिक्षण कुठे झाले ते विचारावे.

ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर नातेवाइकांनी दाखल होण्याआधीच तासाभराची गाणी मोबाइलवर उतरवून ठेवावीत आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर टाक्यांवर हात ठेवून पडलेल्या माणसाच्या कानात मधेच जाहिरात किंचाळते. आणि कोणाला संगीत नको असेल तर केसपेपरवर ‘नको’ एवढे ठळक लिहावे, म्हणजे पुढच्या पाळीतल्या सिस्टर त्याला पुन्हा विचारायला जाणार नाहीत.

आपले,
वेदनाशमनाच्या कामातील काही डॉक्टर व परिचारिका