कॅरमची राणी आणि घनांची वजाबाकी

दादर, मुंबई

प्रिय सुध्या,

लागोपाठच्या घनांची वजाबाकी करत बसतो म्हणून फोनवर माझी चांगलीच टर उडवलीस. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण हे कागदावरच सांगायला हवं.

१, ८, २७, ६४, १२५ हे घन. शेजारशेजारचे वजा कर: ७, १९, ३७, ६१. पुढे ९१, १२७, १६९. आता चाळीच्या गॅलरीतला आपला कॅरम आठव. मधे राणी, तिला चिकटून सहा सोंगट्या, बाहेर बारा. झाल्या एकोणीस. अजून एक कडं घालायचं तर अठरा लागतील, म्हणजे ३७. तू पावडर मारून जे मांडायचास (आणि पांढऱ्या हळूच आपल्या पॉकेटच्या रोखाने वळवायचास, विसरलो नाहीये!) ते म्हणजे २७ वजा ८.

यात योगायोग काही नाही. पोराचा रुबिक क्यूब घे आणि त्याचा एक कोपरा बरोब्बर डोळ्यासमोर धर. तीन बाजू दिसतील, प्रत्येकीवर नऊ चौकोन. पण कडेचे ठोकळे दोन बाजूंना सामाईक, कोपऱ्यातला तर तिन्हींना. त्यामुळे दिसणारे ठोकळे भरतात १९. मागे दडतो तो दोन बाय दोन बाय दोनचा, आठाचा घन. कोपऱ्यातला ठोकळा राणी धर, त्याच्याभोवती सहा, मग बारा. चपटं करून बघितलंस तर कॅरमचीच मांडणी!

सूत्रही सोपं आहे, ३क(क+१)+१, यात क म्हणजे दोन संख्यांतली लहान. क आणि क+१ यांतला एक सम असणारच, म्हणून यातली कुठलीही संख्या सहाच्या पाढ्यापेक्षा एकाने जास्त.

माझी लाडकी ९१. ती ६ आणि ५ च्या घनांतला फरक, आणि ३ व ४ च्या घनांची बेरीजही. म्हणजे ३, ४, ५ चे घन मिळवले की ६ चा घन. त्यात ९१ ला १९ ने गुण, गणिती रामानुजनचा १७२९ येतो, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या. दोन्ही गुणक आपल्याच यादीतले!

आता तुझ्यासाठी काम. १६९ हा १३ चा वर्ग. यानंतर यादीत वर्गसंख्या येते ती थेट ३२७६१, म्हणजे १०५ आणि १०४ च्या घनांतला फरक, १८१ चा वर्ग. १३ म्हणजे ४ अधिक ९, १८१ म्हणजे ८१ अधिक १००. दोन्हीकडे लागोपाठचे वर्ग कसे आले, ते शोधून कळव. गूगल करायचं नाही.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
अव्या