ब्लार्नीच्या जिन्यात भेटलेल्या मावशींना

प्रिय मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून ही हाक. आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला नाव ठाऊक नसलं तरी मावशी म्हणता येतं, ही एक मोठी सोय आहे. पत्र मराठीत आहे, कारण आईने तसं बजावलंय. "इंग्रजीत लिहिलंस तर तू काय लिहिलंस ते मला कळणार कसं?" तिचंही बरोबर आहे. तुम्ही दोघी त्या दिवशी दोन तास बोलत होतात, एकीला मराठी येत नव्हतं आणि दुसरीला इंग्रजी. त्यामुळे भाषेची अडचण सांगायला मला तोंड नाही.

ओळख पटावी म्हणून सांगते. गेला सप्टेंबर, आयर्लंडमधल्या कॉर्कजवळचा ब्लार्नीचा किल्ला. जांभळी इरकली, तिच्यावर माझ्या नवऱ्याचं जाकीट आणि पायात बूट, ती माझी आई. आणि तिच्या मागून "आई, जपून" असं दर तिसऱ्या पायरीला म्हणत होते, ती मी.

मी कॉर्कला राहते. ब्लार्नी तिथून आठेक किलोमीटरवर. साताऱ्यात पाहुणा आला की सज्जनगड दाखवतात, तसं इथे ब्लार्नी. आई साताऱ्याहून आली तेव्हा मी बेत असा आखला होता, की किल्ला खालून बघायचा, बागेत फिरायचं, चहा प्यायचा, घरी यायचं. आई 71 वर्षांची, उजवा गुडघा दुखरा. पण तिने मान वर करून त्या बुरजाकडे पाहिलं आणि विचारलं, "कधीचा?" मी म्हटलं, 1446 चा, मॅकार्थी घराण्याने बांधलेला. "म्हणजे महाराजांच्या जन्माआधी जवळजवळ दोनशे वर्षं," ती म्हणाली, आणि पदर खोचला. पदर खोचला की विषय संपतो, हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तरी तुम्हाला ते माझ्याआधी कळलं.

किल्ल्याच्या माथ्यावरच्या दगडाचं चुंबन घेतलं की बोलण्याची कला येते म्हणतात. त्याच्यासाठीच्या रांगेत तुम्ही आमच्या मागे होतात. तो जिना म्हणजे सव्वाशेच्या आसपास दगडी पायऱ्या, गोल गोल, अरुंद, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. चढायचा जिना वेगळा, उतरायचा वेगळा, त्यामुळे अर्ध्यावर विचार बदलायची सोय नाही. मी आईला खालीच थांबवायच्या खटपटीत होते. गुडघा, पाऊस, रक्तदाब, सगळी कारणं सांगून झाली. तेव्हा तुम्ही मागून अगदी शांतपणे विचारलंत, "तिला विचारलंस का?"

मी तिला विचारलं नव्हतं. मी तिला सांगत होते.

मावशी, हे आभारपत्र खरं तर त्या तीन शब्दांसाठी आहे. बाकीचं तुम्ही जे केलंत तेही मोठं, पण ते कुणीही भल्या माणसाने केलं असतं. आई इथे आल्यापासून मी तिला काचेच्या भांड्यासारखी वागवत होते. बस चढताना हात, रस्ता ओलांडताना हात, दुकानात तिच्या वतीने बोलणं. प्रेमाने, अर्थात. ज्या बाईने मला लहानपणी अजिंक्यताऱ्यावर पाठुंगळी नेलं, तिला मी पायऱ्या मोजून दाखवत होते.

मग तुम्ही पुढे झालात. एक वळण चढायचं, थांबायचं, एक गोष्ट सांगायची, पुन्हा एक वळण. मी मध्ये दुभाषी. किल्ला आतून पोकळ झालाय, मजले पडून गेलेत, त्यामुळे मधल्या दारातून डोकावलं की एकदम आभाळ दिसायचं. अशाच एका दारात तुम्ही कॉर्मॅक मॅकार्थीची गोष्ट सांगितलीत. त्याच्यावर मोठा खटला होता, त्याने क्लीओना देवीला साकडं घातलं, ती म्हणाली, उद्या सकाळी वाटेत पहिला जो दगड दिसेल त्याचं चुंबन घे. त्याने घेतलं, कोर्टात जीभ अशी चालली की खटला जिंकला, आणि तो दगड त्याने किल्ल्याच्या माथ्यावर बसवला. आईचा पहिला प्रश्न: "वकील नव्हता का त्याच्याकडे?" तुम्ही इतक्या हसलात की खालची रांग थांबली.

पुढच्या वळणावर पहिली एलिझाबेथ राणी आली. तिला ब्लार्नीच्या सरदाराकडून किल्ला हवा होता, आणि तो देतो-देतो म्हणत गोड गोड निरोप पाठवायचा. शेवटी राणी वैतागून म्हणाली, ही सगळी ब्लार्नी! तेव्हापासून म्हणे गोडबोलेपणाला हा शब्द चिकटला. आई म्हणाली, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. हे मी तुम्हाला इंग्रजीत सांगायला गेले ते हुलग्यांपाशीच अडले. घोड्यांना घालतात ते कडधान्य, असं काहीसं मी म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत आणि आईला विचारलंत, घोड्यांना ते आवडतं का. म्हणी एका भाषेतून दुसरीत नेऊ नयेत.

दगडाच्या जन्मकथाही तुम्ही दोन सांगितल्यात. एक, बायबलमधल्या याकोबाने उशाला घेतलेला तो हा. दुसरी, 1314 मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत मदत केली म्हणून स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याने तिथल्या राज्याभिषेकाच्या शिळेचा तुकडा मॅकार्थींना दिला. मला मात्र राहवलं नाही. मी सांगून टाकलं की 2014 मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या भूवैज्ञानिकांनी या दगडाचा जुना पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि तो इथलाच चुनखडक निघाला, सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वीचा. स्कॉटलंडची शिळा वालुकाश्माची आहे. म्हणजे दोन्ही दगडांचा संबंध नाही. मला वाटलं, तुमचा विरस झाला असेल. पण आईने फक्त आकडा ऐकला. "तेहतीस कोटी? मग देवच की!" हा विनोद तुम्हाला समजावायला एक अख्खं वळण गेलं. आमच्याकडे देवांची संख्या तेवढीच सांगतात, हे कळल्यावर तुम्ही आईचा हात हातात घेतलात तो वर पोचेपर्यंत सोडला नाहीत.

वर वारा होता. किल्ल्याच्या माथ्यावर, सुमारे 85 फुटांवर, चालायची वाट आणि बाहेरचा कठडा यांच्यात फट आहे. तटाखाली आलेल्या शत्रूवर दगडधोंडे टाकायची ती जागा. आपल्या किल्ल्यांना जंग्या असतात, त्यांच्याच कुळातली, हे आईने लगेच ओळखलं. दगड त्या कठड्यात, खालच्या अंगाला. त्याच्यापर्यंत पोचायला उताणं झोपायचं, लोखंडी गज धरायचे आणि डोकं मागे, फटीत, खाली सोडायचं. तिथला माणूस कमरेला धरतो. पूर्वी घोट्याला धरून उलटं लोंबकळवायचे, हे तुम्ही नेमकं त्याच क्षणी सांगायला नको होतं.

आणि तिथे माझ्या ध्यानात आलं की आई साडीत आहे. उताणं झोपायचं, वाऱ्यात, मागे पन्नास माणसं. मी "राहू दे गं" म्हणायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही गळ्यातला मफलर काढून आईच्या निऱ्यांभोवती, पोटरीखाली दोन वेढे देऊन गाठ मारली होती. आमच्या आजीनेही अशी मारली नसती. आईचा चष्मा तुमच्या खिशात गेला. मंगळसूत्र तिने स्वतःच जाकिटात खोचलं. मग तिने मला हळूच विचारलं, "एवढ्या लोकांचा उष्टा दगड. ओठ लावायचे की कपाळ?" मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, दोन्ही.

तिने दोन्ही केलं. वर आली तेव्हा कपाळावर टिकली नव्हती. ती 33 कोटी वर्षांच्या चुनखडकावर राहिली. टिकली वाहिली म्हणजे दुप्पट वाचा मिळणार, असा निवाडा तुम्ही जागच्या जागी दिलात. मी स्वतः दगडाला ओठ लावले नाहीत. मला उंचीची भीती वाटते. हे त्या दिवशी कुणाला सांगितलं नव्हतं, आईच्या गुडघ्याच्या नावावर खपवलं होतं. तुम्ही ओळखलं असणार.

खाली उतरल्यावर विषारी वनस्पतींची बाग पाहिलीत ना आमच्याबरोबर? बचनाग, अफू, मॅन्ड्रेक. आणि सावधानतेच्या पाटीमागे दिमाखात उभा असलेला एरंड पाहून आई म्हणाली, "हा तर आमच्या बांधावर उगवतो." पुढे रॉक क्लोज नावाच्या बागेतल्या इच्छापूर्तीच्या पायऱ्या. डोळे मिटून उलट्या पावली उतरायचं नि तसंच चढायचं, मनात इच्छेशिवाय दुसरं काही आणायचं नाही, मग वर्षभरात तिथली चेटकीण ती पुरी करते. देवाला पाठ न दाखवता गाभाऱ्यातून मागे येतात तशी आई दोन पायऱ्या उतरली आणि म्हणाली, गुडघा आता नको म्हणतोय. ती स्वतः म्हणाली. मी काहीच बोलले नाही. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात.

मग पाऊस आला, सगळे बसकडे पळाले, आणि गर्दीत तुम्ही दिसेनाशा झालात. घरी आल्यावर पाहिलं तर मफलर आईच्या पिशवीत.

आई नोव्हेंबरात साताऱ्याला परतली. मफलरही गेला. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून ती वीस मिनिटं बोलली म्हणे, आणि सेक्रेटरींनी शेवटी हात जोडले. श्रेय ती दगडाला देते. मला वाटतं, ती आधीही बोलली असती, फक्त मी तिथे असते तर मध्येच तिच्या वतीने बोलले असते.

मफलर परत पाठवायची माझी इच्छा आहे, म्हणून हे पत्र उघड लिहिलं. पण एक कबुली द्यायला हवी. आईने तो कढत पाण्यात धुतला. शुद्ध लोकर होती, आटली. आता तो एखाद्या पाच वर्षांच्या नातवाच्या गळ्याला नीट बसेल. नातू असेल तर कळवा.

तुमची,
"आई, जपून" म्हणणारी