पाच पर्वत्या नकोत, बाबा

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही इथे लंडनला आल्यावर सेंट पॉल्स चर्चच्या घुमटावर चढायचं म्हणालात. मी हो म्हणून बसले आणि रात्री पायऱ्या बघितल्या. ५२८! वरपर्यंत लिफ्ट नाही. आपल्या पर्वतीच्या १०३, म्हणजे एका दमात पाच पर्वत्या झाल्या. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून वर्षही झालेलं नाही. तेव्हा चर्च आतून निवांत बघू आणि घुमट खालूनच. मोन्युमेंट नावाच्या उंच स्तंभाच्या ३११ पायऱ्याही मी यादीतून काढल्या.

पण उंचावरून शहर तुम्हाला दाखवायचंच आहे. रविवारी पर्वतीवर नेऊन तुम्ही मला आधी आपली गल्ली शोधायला लावायचात, आणि सापडली की मगच शेंगदाण्याची पुडी हातात पडायची. इथे आता बोट दाखवायची पाळी माझी.

त्यासाठी तुमची तारीख लवकर पक्की व्हायला हवी. फेनचर्च स्ट्रीटच्या एका इमारतीत ३५व्या मजल्यावर स्काय गार्डन आहे. तिथे पैसे पडत नाहीत, पण वेळ आधी नोंदवावी लागते. नोंदणी साधारण तीन आठवडे आधी, सोमवारी उघडते आणि संध्याकाळच्या वेळा भराभर संपतात. मला संध्याकाळचीच हवी आहे. जूनमध्ये इथे सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, म्हणजे जेवण लवकर उरकून दिवसाउजेडी वर जाता येईल आणि दिवे लागलेलेही बघता येतील. दाराशी विमानतळासारखी तपासणी असते. बाबा, अडकित्ता खिशातून घरी काढून ठेवा.

लंडन आय या मोठ्या पाळण्याचं तिकीट मी काढणार आहे, त्यावर वाद नको. ऑनलाइन काढलं की स्वस्तही पडतं. आई, तू जत्रेतल्या पाळण्याला घाबरतेस हे लक्षात आहे, पण हा तसा नाही. उंची १३५ मीटर असली तरी एका फेरीला अर्धा तास लागतो, इतका तो सावकाश फिरतो. आत बसायला बाक आहे. चढताना अडचण असेल तर आधी सांगायचं, ते पाळणा आणखी हळू करतात किंवा थांबवतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती प्रिमरोझ हिल. साधी हिरवी टेकडी, तिकीट नाही, आधी नोंदणी नाही. वरून सेंट पॉल्सचा घुमट दिसतो, आणि तो दिसत राहावा म्हणून मध्ये उंच इमारती बांधण्यावर इथे नियमानेच बंधन आहे. जवळच, १० किंग हेन्रीज रोडवर, बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकताना राहत होते ते घर आहे. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. आधी ते घर बघू, मग टेकडी. चढ बेताचा आहे, आईला जमेल, आणि मी धपाटे करून घेईन.

आई, नवे बूट आत्तापासून घालून फिरायला जात जा, ऐनवेळी चावायला नकोत. आणि तारीख रविवारपर्यंत कळवा.

तुमची,
मनू