सूचना : 25 जानेवारीचं पाठांतर आणि इतर

स्कॉटलंडमध्ये गावातल्या छोट्या शाळांत ज्यांची मुलं आहेत, अशा पालकांसाठी.

25 जानेवारी हा कवी रॉबर्ट बर्न्स यांचा जन्मदिवस (1759). त्या सुमारास बऱ्याच प्राथमिक शाळांत मुलांकडून स्कॉट्स भाषेतली कविता पाठ करून घेतात. कवितेचा कागद दप्तराच्या तळाशी चुरगळून पडला असेल, तो आजच काढा. उच्चारांची धास्ती नको. ‘लॉख’ (म्हणजे तळं) या शब्दातला घशातला ख आपल्या पोरांना पटकन जमतो, इंग्रजांचीच तिथे पंचाईत होते!

शाळेच्या जेवणात तेव्हा हॅगिस असू शकतं. त्यात मेंढीचं यकृत, हृदय, फुप्फुस आणि ओट्स असतात. शाकाहारी हॅगिसही मिळतं, पण शाळेला आधी कळवा. आयत्या वेळी नको.

पोहण्याचा बॅज, तबल्याची परीक्षा, कराटेचा पट्टा असं शाळेबाहेरचं यशही बाईंना जरूर सांगा. इथे त्याचीही दखल घेतात, असेंब्लीत कौतुक होतं. आपण उगाच संकोचतो. दोन-तीन इयत्ता एकत्र बसणाऱ्या वर्गात तर धाकटी मुलं थोरल्यांचं बघूनच हात वर करतात.

‘डेली माईल’ची सुरुवात 2012 मध्ये स्टर्लिंगच्या एका शाळेत झाली. रोज पंधरा मिनिटं, नेहमीच्याच कपड्यांत, मोकळ्या हवेत पळायचं. तेव्हा बूट धड द्या आणि चिखलाची तक्रार ग्रुपवर नको.

कार्यक्रमाचे फोटो टाकताना फक्त आपलंच मूल दिसेल असं पाहा.