मुलाखतींचे शब्दांकन करणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सविनय नमस्कार.

माझा प्रबंध नुकताच परीक्षकांकडे गेला. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात ‘मुलाखतींचे शब्दांकन करण्यात आले’ असे एक वाक्य लिहून पुढे जाण्याची प्रथा आहे आणि त्या वाक्यात ध्वनिमुद्रण ऐकून ते कागदावर उतरवणारे माणूस कुठेच नसते. मला ते वाक्य तसे लिहवले नाही. आपण केलेल्या कामामुळे माझ्या हाती काय लागले, हे इतर संशोधकांनाही कळावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्यांच्या मुलाखती मी आपल्याकडे सोपवल्या होत्या. एक तासाचे ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला साधारण चार ते सहा तास लागतात. विराम, हुंकार, एकमेकांच्या बोलण्यावर आलेले बोलणे हे सारे नोंदवायचे असेल तर त्याहून कितीतरी अधिक. पण वेळेपेक्षा मोठी गोष्ट निवडीची आहे. माणसे प्रत्यक्षात कशी बोलतात याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या संभाषण विश्लेषणात समाजशास्त्रज्ञ गेल जेफरसन यांनी विराम सेकंदाच्या दशांशापर्यंत दाखवणारी चिन्हपद्धती घडवली, आणि काय उतरवायचे व काय गाळायचे हे ठरवण्यातच आपली सैद्धांतिक भूमिका उतरते, असे भाषिक मानवशास्त्रज्ञ एलिनॉर ऑक्स यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. हे मी वाचले होते. त्याचा अर्थ मात्र आपली पाने हाती आल्यावर उमगला.

एका बाईंना मी विचारले होते की या सगळ्याचा तुम्हाला त्रास होतो का. त्यांचे उत्तर ‘नाही, त्रास असा काही नाही’ एवढेच होते. आपण त्या उत्तराच्या आधी कंसात लिहिले होते: ‘लांब शांतता, आतल्या खोलीतून खोकला, मग आवाज खाली आणून’. आजारी माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर असताना दिलेले ते उत्तर होते. त्या एका कंसानंतर मी सर्व मुलाखती पुन्हा वाचल्या. कोण कुणाच्या कानावर पडेल असे बोलत आहे, हा प्रश्न घेऊन नव्याने कोडिंग केले, म्हणजे उताऱ्यांना आशयानुसार खुणा देऊन त्यांची वर्गवारी केली, आणि प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्यातूनच उभे राहिले. शब्द तेवढे नीटनेटके टंकित झाले असते, तर ‘त्रास नाही’ म्हणणाऱ्यांत त्यांची गणना झाली असती.

आपण बोलीतली रूपे प्रमाणभाषेत आणली नाहीत, अर्धवट सोडलेली वाक्ये पुरी केली नाहीत. जिथे ऐकू आले नाही तिथे अंदाजाने शब्द न भरता ‘अस्पष्ट’ असे लिहून वेळेची नोंद केली, त्यामुळे मला नेमक्या त्या जागी परत जाऊन ऐकता आले. आज यंत्राकडून मिनिटांत कच्चा मसुदा मिळतो आणि त्याचा उपयोग आहेच. परंतु अडखळणे गाळून वाक्य सरळ करण्याकडे त्या मसुद्यांचा कल असतो आणि आकड्यांऐवजी माणसांच्या अनुभवांचा अर्थ शोधणाऱ्या गुणात्मक संशोधनाला कित्येकदा त्या अडखळण्याचीच गरज असते.

गोपनीयतेबाबतही मी आपला ऋणी आहे. नावे बदलली होती, तरी व्यवसाय, दुर्मीळ आजार आणि भावंडांची संख्या एकाच उताऱ्यात आली तर ओळखीच्या लोकांना ते माणूस सहज कळेल, हे आपण समासात लिहून ठेवले. त्या टिपणामुळे मी तो तपशील वेगवेगळ्या ठिकाणी विभागला आणि काही पूर्णपणे वगळला.

एक गोष्ट मात्र आपल्याशी बोलण्याचे राहून गेले होते. मुलाखत देणाऱ्यांना मानसिक त्रास झाला तर काय करायचे, याचा विचार संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडे करायच्या अर्जात असतो. काही वेळा मुलाखत घेणाऱ्याचाही असतो. मुलाखतीतले तेच रडणे कानाला हेडफोन लावून, वाक्य नीट कळेपर्यंत मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्याचा विचार क्वचितच होतो. मी ते रडणे मुलाखत घेताना ऐकले, तेव्हा समोर माणूस होते आणि त्यांना धीर देता येत होता. आपण एकट्याने ऐकत होता. तरीही शेवटच्या पानापर्यंत त्या माणसांविषयीचा आदर आपल्या नोंदींतून ढळला नाही, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

पद्धतीच्या प्रकरणात मी आपल्या शब्दांकनाचे नियम आणि त्यातून घडलेले विश्लेषण सविस्तर मांडले आहे. गोपनीयतेच्या करारामुळे आणि आपल्याला न विचारता नाव छापणे योग्य नसल्यामुळे तिथे व या पत्रातही ते लिहिलेले नाही. अंतिम प्रत बांधणीला जाण्यापूर्वी आपली अनुमती मिळाल्यास ते ऋणनिर्देशात नव्हे, तर त्या प्रकरणातच, कामाच्या उल्लेखासोबत द्यावे अशी माझी इच्छा आहे. आपला जो निर्णय असेल तो कळवावा.

आपला कृतज्ञ,
एक संशोधक