स्टॅमफर्डचा कारभारी

पीटरबरो, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, निवृत्त होऊनही तुमचं ऑफिस सुटत नाही, अशी आईची तक्रार आहे. अजून लोक टिप्पणी दाखवायला घरी येतात म्हणे! म्हणून तुमच्याच जातकुळीतल्या एकाबद्दल लिहिते. विल्यम सेसिल, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री, पुढे लॉर्ड बर्ली झाला तो. इथून जवळच, स्टॅमफर्डच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये त्याची कबर आहे. वर त्याचा उताणा निजलेला पुतळा, तोही चिलखतात. जन्मभर कागदांत बुडालेल्या माणसाला चिलखत! मला हसूच आलं.

जन्म १५२०चा. बालराजा सहाव्या एडवर्डच्या नावानं कारभार पाहणाऱ्या सॉमरसेटची सत्ता गेली तेव्हा त्याचा चिटणीस म्हणून हा लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैद झाला आणि सुटल्यावर वर्षाच्या आत राजाचा सचिव. पुढे इंग्लंडच्या कॅथलिक मेरी राणीच्या काळात हा प्रॉटेस्टंट माणूस निमूट कॅथलिक प्रार्थनेला जाई. तुम्ही याला काय म्हणाल ते माहीत आहे, पण तेव्हा हट्ट धरणारे जिवंत जाळले जात होते.

१५५८ मध्ये एलिझाबेथनं गादीवर येताच त्याला सचिव केलं. माझ्या मर्जीची पर्वा न करता योग्य वाटेल तोच सल्ला द्या, असं तिनं त्याला बजावलं होतं. मग पुढची चाळीस वर्षं तोच. १५७२ पासून खजिनदार. त्याची सवय तुम्हाला आवडेल. राणीच्या लग्नासारखा नाजूक प्रश्न असला तरी कागद घ्यायचा आणि अनुकूल काय, प्रतिकूल काय, दोन्ही बाजू सविस्तर मांडायच्या. निर्णय राणीचा. तो मनाविरुद्ध गेला तरी अंमलबजावणी चोख.

एकदाच ही रीत मोडली. इंग्लंडमध्ये कैदेत असलेल्या, स्कॉटलंडच्या पदच्युत राणी मेरीच्या (ही मेरी वेगळी) मृत्युदंडावर एलिझाबेथनं सही केली, पण कागद पुढे जाऊ देईना. फेब्रुवारी १५८७ मध्ये सेसिलनं इतर मंत्र्यांना गोळा केलं आणि तिला न कळवता तो परस्पर फोदरिंगेला, मेरी कैदेत होती त्या किल्ल्यावर, धाडला. मेरीचं डोकं उडाल्यावर राणी खवळली. सेसिलला काही काळ तोंड दाखवायची बंदी झाली. खरा भरडला गेला तो सहीचा कागद सांभाळणारा सचिव डेव्हिसन. त्याला टॉवर आणि जबर दंड. मोठे साहेब सुटले, फाईल नेणारा अडकला. इथे सेसिल माझ्या मनातून उतरतो.

राणीच्या मनातून मात्र तो उतरला नाही. १५९८ मध्ये तो अंथरुणाला खिळला तेव्हा तिनं स्वतः चमच्यानं त्याला भरवलं.

आई, त्याची बायको मिल्ड्रेड ग्रीकमध्ये इतकी तयार होती, की त्या काळचे पंडितही तिचं नाव घेत. तुझ्या संस्कृतची आठवण झाली. धाकट्या रॉबर्टला बापानं हाताखाली घडवलं, आणि १६०३ मध्ये एलिझाबेथनंतर स्कॉटलंडच्या राजा जेम्सला इंग्लंडच्या गादीवर बिनबोभाट आणलं ते त्यानंच. वशिला म्हणायचा की शिकवण, तुम्ही ठरवा.

आणि बाबा, तो सहीचा कागद तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही काय केलं असतं, ते मला सविस्तर लिहा. फोनवर नको, फोनवर तुम्ही विषय बदलता.

तुमची,
मनू